आधी पडदा, मग रुग्णशय्या

मुंबई-आग्रा रस्त्यावरील आमच्या ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि आधी मिग, पुढे सुखोई विमाने येथे सिद्ध होऊ लागली. अशा विमानात बसणाऱ्या वैमानिकाने संकटाची तालीम प्रथम जमिनीवरच्या सिम्युलेटरवर करावी, या दंडकाचे गावात कोणाला नवल वाटत नाही. मग ज्याच्या हाती प्रत्यक्ष माणसाचा जीव सोपवावयाचा, त्या वैद्यकीय विद्यार्थ्याला हीच मुभा देताना हात आखडता का घ्यावा?

शवविच्छेदनाच्या मेजाची जागा संगणकाच्या काचेच्या पडद्याने घ्यावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. बोटांना होणारे ज्ञान बोटांनाच व्हावे लागते. परंतु निर्णयाचे शिक्षण ही निराळी गोष्ट आहे. निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत फवारणी करून आलेला मजूर, 'औषध मारता मारता गरगरलं, पोटात कळ आली' असे सांगतो, तोंडातून लाळ गळते, अंगाला दरदरून घाम सुटतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेचा हा रुग्ण पडद्यावर मांडला, की विद्यार्थ्याला कपडे उतरवून अंग धुण्यापासून अॅट्रोपिनच्या मात्रेपर्यंत प्रत्येक पावलास स्वतः ठरवावे लागते, आणि ठरविल्याबरोबर नाडी, श्वास, छातीतील घरघर पालटते. बाहुल्या रुंदावल्या एवढ्यावर समाधान मानून ज्याने औषध आवरते घेतले, त्याच्या कानी ती घरघर तशीच येत राहते. छाती मोकळी होईतो मात्रा वाढवीत न्यावयाची, हा नियम पुस्तकातून वारंवार वाचूनही जो ठसत नाही, तो अशा एका चुकीने जन्माचा ठसतो, आणि त्या चुकीपायी कोणाचे घर उघडे पडत नाही.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळेला स्थान दिले, हे योग्यच झाले. तथापि परदेशातून विकत आणलेल्या पडद्यावरच्या पाठांतील रुग्ण शुद्ध इंग्रजीत आपली व्यथा सांगतो, आणि आमच्या इस्पितळातील म्हातारी 'छातीत भरून आलंय' म्हणाली की अव्वल गुणांनी उत्तीर्ण झालेला तरुण गोंधळतो. १९९८ पासून नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ग्रामीण रुग्णालयांत आयुष्य घालविलेल्या डॉक्टरांना पाचारण करून, फवारणीची विषबाधा, घोणस-मण्यारचा दंश, अडलेली बाळंतीण असे पाठ इथल्या बोलीत, इथल्या रुग्णांच्या संमतीने व नावे गुप्त राखून तयार करण्याची तजवीज विद्यापीठाने करावी, आणि राज्यातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला ते विनामूल्य द्यावेत.