गोवर : भट्टीवर गेलेल्या बाळाचा दुसरा डोस कोण देणार?

दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात. कुणी भिवंडीकडे, कुणी कल्याणकडे. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. आता हिशेब करा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. बाळाचं नाव गावच्या आशाताईंच्या यादीत आणि बाळ भट्टीवर! डोस चुकतो तो इथंच.

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, तेव्हा आपल्या भिवंडीतही रुग्ण सापडले. लहान मुलं दगावली. गोवर खोकल्या-शिंकांतून हवेत पसरतो आणि बंद खोलीत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला लागण देतं. म्हणजे पुरळ दिसल्यावर वेगळं ठेवलं तरी तोवर शेजारच्या झोपडीत आजार पोचलेला असतो.

साथ रोखायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस हवेत. त्यासाठी नुसतं आईबापांना बोलून भागणार नाही, लसीकरणाचं पथक भट्टीवर गेलं पाहिजे. भट्टीमालकाकडे मजुरांची यादी असतेच की!

निघताना लसीचं कार्ड सोबत घ्या. तालुका बदलला तरी सरकारी केंद्रात डोस फुकट मिळतो; राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो. आणि ताप-पुरळ आलं तर ‘देवी आली’ म्हणून कडुलिंबाचा पाला खुशाल ठेवा, पण त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथं ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो, तो डोळे वाचवतो.