रात्रशाळेची दहावी

शालान्त परीक्षेच्या निकालाचा दिवस म्हणजे सदाशिव पेठेतील एक सणच होय. पेढेवाल्यांची दुकाने दुपारपर्यंत रिकामी होतात आणि आठवडा उलटण्यापूर्वी चौकाचौकांतून गुणवंतांची छायाचित्रे असलेले फलक झळकू लागतात. (त्या फलकांवर विद्यार्थ्यापेक्षा अभिनंदन करणाऱ्यांचीच छायाचित्रे मोठी का असावीत, हे कोडे आम्हांला अद्याप उलगडलेले नाही.) २०२५च्या मे महिन्यात जो निकाल लागला त्यात राज्याचे उत्तीर्णतेचे प्रमाण ९४.१० टक्के होते आणि शंभरपैकी शंभर टक्के मिळविणारे विद्यार्थी २११ होते. त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातले. पुण्याने एके काळी गुणवत्ता यादीचा जो अभिमान मिरविला, त्याचे माहेर आता मराठवाड्यात गेले आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या शंभर टक्क्यांचे रहस्य जाणकारांस ठाऊक आहेच. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत २०१०पासून रूढ झाली. शाळेच्या हातचे अंतर्गत गुण आहेत. शिवाय चित्रकला, लोककला व क्रीडा यांचे सवलतीचे गुण आहेत. या साऱ्यांची बेरीज शंभरावर जाऊन थांबते. यात मुलांचा काडीचा दोष नाही, आणि त्यांच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु ज्या मापाने इतके जण शिगेला पोचतात, त्या मापाने कोण किती चढले हे कळेनासे होते. म्हणून आज आम्ही वाचकांचे लक्ष याच परीक्षेच्या दुसऱ्या एका निकालाकडे वेधू इच्छितो. तो वर्तमानपत्रांत येतो, नाही असे नाही. परंतु आतल्या पानावर, चार ओळींत. रात्रशाळांतून उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा तो निकाल.

आपल्या पेठेत रात्रशाळेचा विद्यार्थी शोधावयास दूर जावे लागत नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले तरुण येथील अभ्यासिकांतून दिवसभर बसतात आणि दोन वेळा खाणावळीत जेवतात, हे सर्वांस परिचित आहे. त्या खाणावळीत पोळ्या वाढणारा जो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. जेवणाऱ्याच्या पुढ्यात राज्यशास्त्राचे पुस्तक उघडे असते. वाढणाऱ्याचे नववीचे बीजगणित स्वयंपाकघरातल्या फळीवर, तेलाच्या डब्यामागे ठेवलेले असते. लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या दुकानात तागे उलगडणारा, अमृततुल्याच्या कपबशा विसळणारा, छापखान्यात कागद मोजणारा, चार घरची धुणीभांडी आटोपून येणारी मुलगी, आणि लग्नापायी सुटलेली शाळा तिशी उलटल्यावर पुन्हा धरणारी बाई, असा तो वर्ग असतो. साडेसहाच्या सुमारास घंटा होते आणि साडेनऊच्या आसपास दिवे मालवतात. मधल्या तीन तासांत दिवसाच्या शाळेने साडेपाच-सहा तासांत शिकविलेला अभ्यासक्रम उरकावयाचा असतो. प्रश्नपत्रिका तीच, उत्तीर्ण होण्याचे पस्तीस गुण तेच.

आम्ही स्वतः काही वर्षे हातात खडू धरलेला आहे, आणि दिवसाचा वर्ग व रात्रीचा वर्ग यांतील अंतर आम्ही जाणतो. दिवसाच्या वर्गात झोपलेला मुलगा आळशी असतो. रात्रीच्या वर्गात झोपलेला मुलगा पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून आलेला असतो. त्याला उठवावे की झोपू द्यावे, हा शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात न सापडणारा प्रश्न त्या शिक्षकापुढे रोज उभा राहतो. गणित आणि इंग्रजी हे या मुलांचे खरे वैरी. पाचवी-सहावीत अपूर्णांक हुकलेला असतो आणि दहावीत वर्गसमीकरण पुढ्यात येते. मधला सांधा जुळविणे हेच रात्रशाळेच्या गणित-शिक्षकाचे निम्मे काम असते, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

ही संस्था पुण्याला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा याच शहरात चालविली. पुढे १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले त्याचा रोख हाच होता की, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टांवर आणि तीतून शिकतात वरचे वर्ग. बाजीराव रस्त्यावर सरस्वती मंदिर संस्थेची पूना नाईट शाळा आहे. तिने शंभरी ओलांडली आहे. आणि आपल्या पेठेपुरते बोलावयाचे तर येथील किती घराण्यांचा मूळपुरुष माधुकरी मागून वा वार लावून जेवून शिकला, याचा हिशेब घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगावा. कोकणातून वा देशावरून आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे आणि शाळेत जात असे. अशाच मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. आपल्या आजोबा-पणजोबांच्या या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याच कथेतला आजचा मुलगा आपल्याच दुकानाच्या फळीवर बसलेला असतो, तेव्हा मात्र तो आपल्याला ओळखू येत नाही. वार लावणाऱ्या विद्यार्थ्याला पेठेने जे दिले ते आप्तपणाच्या, पुष्कळदा जातीच्या नात्याने दिले, हेही येथे सांगितले पाहिजे. रात्रशाळेतील मुलगा बहुधा त्या नात्यातला नसतो.

सरकारच्या धोरणाविषयी बोलणे प्राप्त आहे. रात्रशाळांतून पूर्वापार बहुतेक शिक्षक दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून रात्री येथे येत. २०१७च्या मे महिन्यात शासनाने या दुबार नोकरीस मनाई केली. एका माणसाने दोन जागा अडवू नयेत आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची सोय व्हावी, हा विचार तत्त्वतः अयोग्य नव्हता. परंतु वर्षानुवर्षे त्याच वर्गाला शिकविणारी माणसे शाळा उघडण्याच्या तोंडावर एकाएकी दूर करावयाची, आणि त्यांच्या जागी तितक्याच अनुभवाची माणसे उभी आहेत की नाहीत हे पाहावयाचे नाही, याला धोरण म्हणणे कठीण आहे. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या ओढाताणीत ज्यांचे वर्ष गेले त्यांच्या बाजूने बोलणारा पालक-संघ नव्हता. कारण त्यांपैकी पुष्कळांचे पालक ते स्वतःच होते.

दुसरी गोष्ट पटसंख्येची. विद्यार्थ्यांच्या संख्येवर शिक्षकांची संख्या ठरविण्याची, म्हणजे संचमान्यतेची, जी रीत आहे ती दिवसाच्या शाळांना नजरेपुढे ठेवून आखलेली आहे. दिवाळीच्या हंगामात दुकानातून सुटका न झालेला मुलगा तीन आठवडे गैरहजर राहिला, तर तो शाळा सोडून गेलेला नसतो. रात्रशाळेची हजेरी तपासण्याचा महिना आणि तिचे मान वेगळे असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचेही तेच. रात्रशाळा पुष्कळदा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरते. वर्ग मिळतात, परंतु प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असते. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र याही मुलांना त्याच विषयात मिळवावयाचे असतात.

आणि भूक. दिवसाच्या शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत आहे. विनामूल्य पाठ्यपुस्तकेही तेथपर्यंतच. शिक्षणाच्या हक्काचा २००९चा कायदाही चौदाव्या वर्षी थांबतो. रात्रशाळेतील नववी-दहावी या सर्वांच्या पलीकडे पडते. मुंबईत ‘मासूम’ या संस्थेने २००८पासून रात्रशाळांच्या मुलांना सायंकाळचा अल्पाहार आणि प्रयोगांची साधने पुरविण्याचे काम हाती घेतले, आणि ते करता येते हे दाखवून दिले. सदाशिव पेठेत मंगल कार्यालये, पोळीभाजी केंद्रे आणि दानशूर न्यास यांची वाण नाही. साठ-सत्तर मुलांना सायंकाळी सहा वाजता पोळीभाजी देणे या पेठेला जड जाईल, हे आम्हांला कोणी पटवू शकणार नाही.

काही जण म्हणतील की, सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय असताना रात्रशाळेचा खटाटोप हवा कशाला? त्याचे उत्तर असे की, सतरा नंबरचा अर्ज परीक्षेला बसवितो, शिकवीत नाही. ज्याच्या घरी शिकलेले माणूस आहे आणि शिकवणीला पैसे आहेत त्याला तो पुरतो. ज्याच्या घरी दोन्ही नाहीत त्याला फळा लागतो, आणि फळ्याजवळ उभे राहणारे माणूस लागते. मार्चमध्ये एक-दोन विषय राहिलेल्यांसाठी २०१५पासून लगेच फेरपरीक्षा होते, ही सुधारणा या मुलांच्या फार कामाची आहे. तिच्यासाठी मे-जूनमध्ये रात्रीचे वर्ग चालू ठेवण्याचा खर्च शासनाने उचलावा.

राहता राहिले आम्ही-तुम्ही. रात्रशाळांचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. ज्यांच्या दुकानात, कार्यालयात, खाणावळीत वा घरी कामाला शाळा सुटलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी एवढे विचारावे की कितवीत सोडलीस? शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याजवळ बहुधा नसतो. तो गावच्या शाळेतून मागविण्यास दोन-चार दूरध्वनी करावे लागतील आणि कदाचित एखादी खेपही घालावी लागेल. त्यानंतर जून ते मार्च रोज सायंकाळी सहाला त्याला कामावरून मोकळे करावे आणि त्यासाठी पगार कापू नये. परीक्षेपूर्वी पंधरा दिवसांची भरपगारी रजा द्यावी. पेठेतील अभ्यासिकांच्या चालकांनीही रात्री साडेनऊनंतर चार-पाच खुर्च्या या मुलांसाठी विनामूल्य राखून ठेवाव्यात. त्या वेळी त्या बहुधा रिकाम्याच असतात.