पाऊणकीची भरती

दिवाळीची सुटी लागली म्हणजे आमच्या घरीं एक जुना परिपाठ आहे. भाऊबीजेच्या निमित्तानें सारें कुटुंब मालवणास जमतें, आणि फराळाचीं ताटें उचललीं गेलीं कीं माजघरांत मुलांचीं दप्तरें उघडलीं जातात. पहिल्या सत्रांत कोण काय शिकलें, याची ही घरगुती तपासणी होय. मुलांस ती फारशी आवडते असें नाहीं. परंतु चकल्यांचा डबाहि त्याच माजघरांत असल्यामुळें तीं पळून जात नाहींत, इतकेंच.

यंदां तपासणीस दोन उमेदवार होते: सातवींतला पुतण्या व आठवींतली त्याची थोरली बहीण. दोघांचाहि वर्ग ज्यास हल्लीं सेमी-इंग्रजी म्हणतात तसा. म्हणजे गणित व शास्त्र इंग्रजींतून आणि बाकीचे विषय मराठींतून. मुलीचा ‘फोर्स अँड प्रेशर’ हा पाठ तोंडपाठ होता. ‘दाब म्हणजे काय?’ असें आम्हीं विचारतांच मात्र ती क्षणभर थबकली, व मग ‘अय्या, तो होय!’ असें म्हणून हंसली. मुलाचा इतिहास शिवकालाचा, गणितांत परिमेय संख्या, शास्त्रांत सजीवांचें अनुकूलन व वर्गीकरण, आणि भूगोलांत भरती-ओहोटी. हा शेवटचा पाठ त्यानें असा घडघड म्हणून दाखविला कीं आम्ही प्रसन्न झालों. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्यें सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें. अमावास्येस व पौर्णिमेस उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग. चंद्राची ओढ सूर्याच्या सुमारें दुप्पट. कोठेंहि अडखळला नाहीं. ‘मग उद्यां ओहोटी किती वाजतां?’ असें आम्हीं सहज विचारलें, तों म्हणतो, ‘तें पुस्तकांत नाहीं.’

समुद्र आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे! रात्रीं निजतांना त्याची गाज ऐकूं येते.

या उत्तरानें आमचे चुलते आबा यांस स्फुरण चढलें. आबांचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे; उमेदीचीं तीस वर्षें त्यांनीं अलिबागेस नोकरींत काढलीं. ते म्हणाले, ‘त्यांत काय आहे? तिथीची पाऊणकी करावी, म्हणजे भरतीची वेळ आली.’ मुलगा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. पाऊण तास त्यास ठाऊक होता, आणि वर्गांतला थ्री बाय फोरहि ठाऊक होता. पण हीं दोन एकाच माणसाचीं दोन नांवें आहेत, ही ओळख त्यास कोणीं करून दिली नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आपल्या जुन्या शाळांतून घोकून घेत असत. 1957 सालीं दशमान नाणीं आलीं, पुढें वजनेंमापेंहि बदललीं, आणि आणे-पायांचा हिशेब गेला तसे हे पाढेहि गेले. त्याबद्दल उसासे टाकणारांपैकीं आम्ही नव्हे. पण पाढ्याबरोबर शब्दहि गेला, हें खरें.

असो. दुसरे दिवशीं कार्तिक शुद्ध तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे भरती दुपारीं सव्वादोनाला. तीतून सहा तास बारा मिनिटें वजा केलीं कीं ओहोटीचें पाणी सकाळीं आठाच्या सुमारास तळाला. मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळीं पद्मगडच्या बेटावर चालत जातां येतें, हें इकडच्या वाचकांस ठाऊक आहेच. आठाला तळ, म्हणजे नऊपर्यंत परत येण्यास हरकत नाहीं, असा हिशेब मांडून दोन्ही मुलांसह आम्ही साडेसातास दांडीवर पोंचलों. तेथें एक वृद्ध गाबित जाळें सांधीत बसले होते. त्यांनीं मान वर करून पाहिलें व म्हटलें, ‘काकानू, पाणी कधीच भराक लागलां, बेगीन मागे फिरा.’ आम्ही हंसून मान डोलावली. पंचांग व भूगोल हे दोघेहि आमच्या बाजूस होते. जाळें सांधणाऱ्याचें कोण ऐकतो?

बेटावर तास-सव्वा तास मजेंत गेला. मुलानें खडकाला चिकटलेल्या कालवांची व खेंकड्यांची शास्त्राच्या पाठांतल्याप्रमाणें वर्गवारी केली, मुलीनें छायाचित्रें काढलीं. नवाच्या आधीं परत निघालों, तों वाट म्हणून जी वाळू आम्हीं तुडविली होती ती कोठेंच दिसेना. आमच्या गुडघ्याच्या वर पाणी, म्हणजे मुलाच्या मांड्यांच्या वर, आणि पायांखालून एका बाजूस ओढणारें. अंतर फार नव्हतें. तरी मधल्या टप्प्यांत मुलगा एकदां घसरला, त्याचें मनगट आमच्या हातांत होतें म्हणून बरें, आणि आमच्या तोंडून जो शब्द निघाला तो या मासिकांत छापण्याजोगा नाहीं. दांडीवर आलों तेव्हां ते गृहस्थ जाळें सांधीतच होते. ते कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें वाटलें असतें.

घरीं हें कळतांच आबांचा चेहरा उतरला. अलिबागेस तीस वर्षें पाऊणकीनें कधीं दगा दिला नव्हता, असें ते पुनःपुन्हां सांगूं लागले. मुलगा कांहीं न बोलतां चतुर्थीस दुपारीं एक वेताची काठी घेऊन किनाऱ्यावर गेला, ती खुणा करून रोवली, व पाणी चढावयाचें कधीं थांबतें तें पाहत बसला. पाऊणकीप्रमाणें भरती तीनला यावयास पाहिजे होती. पाणी थांबलें पावणेदोनाच्या सुमारास. आबांचें गणित चुकलें नव्हतें, गांव चुकला होता. आपल्या या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेस सरकते. ती मालवणास मुंबई-अलिबागेच्या सुमारें तासभर आधीं पोंचते. उंचीचेंहि तसेंच आहे. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी साडेचार मीटरांवर चढतें, मालवणास त्याच्या साधारण निम्में. आणि पुढें खंबायतच्या आखाताच्या निमुळत्या तोंडांत तेंच पाणी भावनगराकडे दहा मीटरांपर्यंत जाऊन भिडतें. तास कोठें गेला हें कळल्यावर आबांस थोडा धीर आला.

परंतु मुलाचें समाधान झालें नव्हतें. एक तास वजा करूनहि पंधरा मिनिटें उरतातच, तीं कोणाचीं? रात्रीं वही घेऊन तो आबांच्या खाटेवर बसला. ‘आबा, पंधरा पाऊणे किती?’ सव्वाअकरा. ‘म्हणजे पौर्णिमेस भरती सव्वाअकराला. आणि दुसरे दिवशीं प्रतिपदेस?’ पुन्हां एकपासून, म्हणजे पाऊण वाजतां. ‘मग एका दिवसांत भरती पाऊण तास पुढें जावयाची, ती दीड तास कशी गेली?’ आबा बराच वेळ गप्प होते. ऐंशी वर्षांत हा प्रश्न त्यांस कोणीं विचारला नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि कधीं सुचला नव्हता. मुलाचें म्हणणें असें कीं, पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर बारा तास फिरली पाहिजे. म्हणून दर तिथीस बारा भागिले पंधरा, म्हणजे चार-पंचमांश तास, अठ्ठेचाळीस मिनिटें. पाऊणकींत दर तिथीस तीन मिनिटें कमी पडतात, व पंधरवड्याच्या अखेरीस तींच पाऊण तास होतात. भूगोलांत रोज सुमारें पन्नास मिनिटें उशीर सांगितला आहे, तोहि याच्या जवळचाच. कारण तिथि आपल्या दिवसाहून किंचित् आंखूड असते.

मग वाडवडिलांनीं पाऊण कां धरली? आबांनीं पडल्यापडल्या उत्तर दिलें: ‘अरे, चार-पंचमांशाचा पाढा होता कोठें!’ हें उत्तर आम्हांस फार आवडलें. शिवाय पाऊणकीच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा उशीर रोज सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो सरासरीहून कमी असतो व भांगाच्या दिवसांत एक तासाच्याहि वर जातो. तेव्हां पाणी ज्या दिवसांत जोराचें, त्याच दिवसांत जुना पाढा बरा चालतो. मुलाच्या मागच्या पंधरा मिनिटांचा हिशेब मात्र एका काठीनें व एका दुपारीनें लागावयाचा नाहीं, हें त्यासहि कबूल आहे.

या साऱ्या खटाटोपांत इतिहासाचें पुस्तक कोपऱ्यांत पडून होतें, तें मुलीनें उचललें. सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजीं झाली, व सुमारें अठ्ठेचाळीस एकरांचा तो किल्ला 1667 सालीं पुरा झाला, हें तिचें दोन वर्षांपूर्वींच पाठ करून झालें होतें. पंचांगाप्रमाणें ती तिथि मार्गशीर्ष वद्य द्वितीया, असें आबांनीं सांगितलें. ‘म्हणजे उधाणाचे दिवस!’ असें दोन्ही मुलें एकदम ओरडलीं. कुरटे बेटाचा खडक ओहोटीस अधिकांत अधिक उघडा पडतो, ते हेच दिवस. पायाच्या दगडांत शिसें ओतलें, एवढी माहिती आम्हांस लहानपणापासून होती. तें ओतणाऱ्यांस दिवसांतून किती घटका मिळत असतील, हा विचार मात्र त्या रात्रीं प्रथम आला.

सत्रपरीक्षेंत मुलास भूगोलांत चांगले गुण आहेत. प्रश्न ‘उधाणाची भरती म्हणजे काय?’ असा होता, आणि उत्तर पुस्तकांतल्यासारखें होतें. शिक्षकांस आम्ही दोष देत नाहीं. एका वर्गांत पन्नास मुलें, तासाची घंटा ठरलेली, आणि समुद्र काहीं वेळापत्रकांत बसत नाहीं. गणिताच्या तासास भूगोल दाराबाहेर थांबतो, व इतिहास तर दुसऱ्याच दिवशीं येतो. त्यांची गांठ घालून देण्यास घरांत माणसें आहेत. पण त्यांच्या पाऊणकीसहि कोणीं तरी वहींत मांडून पाहिलें पाहिजे. नाहीं तर काय होतें तें आम्हीं भिजल्या धोतरानिशीं पाहिलें आहे.

आतां बेत असा ठरला आहे कीं येत्या मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस पुन्हां पद्मगडावर जावयाचें. दोन गुणिले चार-पंचमांश म्हणजे एक तास छत्तीस मिनिटें. त्यांतून मालवणचा एक तास वजा. भरती दुपारीं बारा छत्तीस, म्हणून ओहोटीचा तळ सकाळीं सहा वाजून चोवीस मिनिटांनीं. आबांनीं हा आंकडा पंचांगाच्या कडेस पेन्सिलीनें लिहून ठेवला असून, निघण्यापूर्वीं दांडीवरच्या त्या गृहस्थांस तो दाखवावयाचा, अशी मुलाची अट आहे. डिसेंबरांत त्या वेळीं पुरतें उजाडलेलें नसतें. तेव्हां बॅटरी कोणीं धरावयाची, यावर दोघां भावंडांत सध्यां वाद चालू आहे.