सुराखालचे शब्द

गाब्रिएल फोरे यांचे ‘आप्रे अं रेव्ह’ हे १८७८ साली छापले गेलेले गीत ट्रोम्बोन किंवा युफोनियम शिकणाऱ्याच्या हाती कधी ना कधी पडतेच. पाब्लो कासाल्स यांनी ते चेलोवर नेले. आपल्या मंद्र ब्रासवरही ते सुरेल वाजते. अडचण दुसऱ्या कडव्यात येते. पहिली दोन कडवी जवळपास एकाच चालीची आहेत. गायिकेच्या पहिल्या कडव्यात स्वप्नातला चेहरा असतो, दुसऱ्यात प्रियजनाची हाक आणि उजेडाकडे झेप. चाल तीच, तरी रंग पालटतो. आपल्या हातून मात्र तीच चाल दोनदा वाजते.

याचे मूळ आपल्या तालमीत आहे, असे मला ठामपणे वाटते. बोर्दोन्यी यांचे गायनाचे स्वराभ्यास योआनेस रोशू यांनी १९२८ मध्ये ट्रोम्बोनसाठी आणले आणि अखंड, गोल सूर आपण त्यांवरच घोटला. पण त्यांना शब्द नाहीत. राव्हेल यांच्या १९०७ च्या हबानेरा-वळणाच्या व्होकालीजलाही नाहीत, म्हणून तो कुठल्याही वाद्यावर सहज बसतो. फोरे, द्यूपार्क, रेनाल्दो आन यांची गीते कवितेला चिकटून चालतात. फ्रेंच बोलताना ओळीच्या शेवटी गळणारा ‘अ’ गाण्यात स्वतंत्र सूर घेतो आणि तो हलकेच विरायला हवा. आपण नेमके तिथेच भार देऊन थांबतो.

ट्यूबावाल्यांपुढे सप्तकाचाही प्रश्न आहे. चाल एक सप्तक खाली आणली तर बिघडत नाही, पुरुष गायक तिथेच गातो. दोन सप्तके उतरलो की ती जागोजागी पियानोच्या डाव्या हाताखाली जाते. मग बेस आपणच होतो, आणि पंचम तळाशी आला की स्थिर स्वरसंघ लटकता राहतो. त्यापेक्षा एफ ट्यूबाचा वरचा भाग वापरावा, नाहीतर डावा हात आणखी खाली लिहावा. पट्टी बदलायला संकोच नको. ही गीते उंच आणि खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापली जातातच.

रूपांतरे पाठवणाऱ्यांना आग्रहाची विनंती: वादकाच्या प्रतीत सुरांखाली मूळ फ्रेंच अक्षरे लिहा, सोबत कवितेचा मराठी अर्थ द्या आणि श्वासाच्या खुणा वाक्य कुठे संपते ते पाहून करा. दम पुरत नसेल तर लय किंचित चढवा, पण वाक्य मध्येच तोडू नका.