कागदाचं मिग आणि ब्लाऊजचं कटिंग

ज्या बाईला ब्लाऊजचं कटिंग येतं तिला विमानाचं अंग कसं घडतं हे फार समजावून सांगावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणाला हसू येईल. येऊ दे. निफाड तालुक्यात गेली वीस वर्षं मी शिवणक्लास घेते आणि यंदाच्या सुट्टीत माझ्या नववीतल्या लेकीने जेवणाच्या टेबलावर कागदाचं मिग-२१ बांधलं. दोन्ही कामं जवळून पाहिली, म्हणून बोलते.

आमच्या भागात मिग हे नाव परकं नाही. ओझरचा कारखाना १९६४ सालचा, मिगसाठीच उभा राहिलेला. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान पुढे आपल्याकडेच तयार होऊ लागलं, सहाशेहून अधिक बनली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला, तो कार्यक्रम लेकीने टीव्हीवर पाहिला आणि तिथून हे खूळ सुरू झालं.

अशा विमानांचे आराखडे इंटरनेटवर मिळतात. झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणायचे. प्रमाण बहुधा ३३ पटीने लहान असतं. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे आपलं कागदी जेमतेम २२ सेंटीमीटर. अंग लांबलचक, पंख मात्र एवढेसे. म्हणूनच हे विमान उतरतानासुद्धा वेग फार ठेवावा लागे.

आता यात शिवण कुठे? अहो, सगळीकडे! कागद एकाच दिशेने वळतो. दोन्हीकडून फुगणारा भाग हवा असेल तर कळ्या पाडाव्या लागतात, अगदी कळीच्या परकरासारख्या. विमानाच्या नाकातला निमुळता शंकू म्हणजे अंब्रेला स्कर्टचाच छोटा तुकडा. चिकटवायला कडेला माया सोडायची, गोलाईवर त्या मायेला कात्रे द्यायचे. कापडाला उभा-आडवा धागा असतो तसा कागदालाही असतो. चुकीच्या बाजूने गुंडाळला की मोडतो. आत जाड पुठ्ठ्याच्या चकत्या घालाव्या लागतात, नाहीतर पोट दबतं. त्या आम्ही लग्नपत्रिकांच्या काढल्या. (जाड, सोनेरी पत्रिका छापणाऱ्यांचे पहिल्यांदाच आभार मानले.) घडीच्या रेषेवर आधी संपलेल्या रिफीलने रेघ ओढायची, मग घडी सुरेख बसते. फेव्हिकॉल बोटभर नाही, काडीच्या टोकाएवढा. जास्त झाला तर कागद पाणी धरतो आणि सुरकुततो. नाकापुढची लांब नळी अगरबत्तीच्या काडीची. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांना ब्रशने राखाडी रंग दिला की शिवण झाकावी तसं सगळं झाकलं जातं.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख मलमलीचे होते, शिवणयंत्रावर शिवलेले. हे मी क्लासमध्ये सांगते तेव्हा मुली मशीनकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आणि तरी एका शाळेच्या प्रदर्शनात (नाव सांगत नाही) काय सूचना होती? मुलांनी 'मॉडेल' आणावं, मुलींनी 'हस्तकला'. मुलग्याने पुठ्ठा कापला की ते विज्ञान, मुलीने कापला की रुखवत! भरतकामाला मी नावं ठेवणार नाही, माझं घर त्यावर चालतं. पण एकाच कात्रीला दोन नावं का? लेक मिग घेऊन गेली तेव्हा बाईंनी कौतुकाने विचारलं, "दादाने मदत केली का गं?" तिला दादाच नाही.

घरातला आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो मला हसण्यावारी नेता आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते माणसं मारायचं यंत्र. देखाव्याला देऊळ करायला सांग की पोरीला." त्यांचं खरं आहे. लढाऊ विमान हे खेळणं नव्हे. आणि मिग-२१ ने तर आपलीही पोरं कितीतरी नेली. २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिगच्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी रडून गप्प न बसता या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. मी हे लेकीला सांगितलं. काही आया म्हणतील, एवढ्याशा पोरीला कशाला? मला वाटतं, ज्या हातांनी ती विमान बांधते त्या हातांना ते कळायला हवं. नुसता तिरंगा चिकटवून मोकळं होणं मला पटत नाही.

ती दोन दिवस टेबलाकडे फिरकली नाही. मग एके दिवशी म्हणाली, "आई, मी याला दोन सीट करते." मी म्हटलं, आराखडा एकाच सीटचा आहे. तर म्हणे, "एकट्याने कसं शिकायचं? मागे सर नकोत का?"

शिकवण्यासाठी दोन आसनी मिग-२१ खरोखर होतं, आपल्या हवाई दलात त्यातल्या एकाला टाइप-६९ म्हणत. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. मागच्याला पुढचं नीट दिसत नाही म्हणून त्याच्या डोक्यावर पेरिस्कोप. पण हे कागदावर आणायचं कसं? इथे मी मधे पडले. जुना मापाचा ब्लाऊज उसवून त्यावरून नवीन कटिंग काढतो ना, तसंच. तयार अंगावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला, पेन्सिलीने खुणा केल्या, काढून सपाट पसरला, त्यावर दुसऱ्या कॉकपिटची खाच आखली. कच्ची शिलाई म्हणून आधी वर्तमानपत्राचंच बसवून बघितलं, चौथ्या खेपेला जमलं. मग जाड कागद. वरची काच शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकची. पेरिस्कोप काडेपेटीच्या काडीचा.

अशी फेरफार खऱ्या मिगच्याही नशिबी होती. पुढच्या काळात सव्वाशे विमानांना नवं रडार आणि नव्या यंत्रणा बसवून 'बायसन' केलं, बहुतेक काम आपल्या ओझरलाच. त्याच बायसनमधून फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी एकटीने उडाली, लढाऊ विमान एकटीने चालवणारी पहिली भारतीय बाई. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

आता मुद्दा असा, की एनडीएतून हवाई दलात जायचं तर बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं. आणि आपल्या गावांत दहावीनंतर मुलीला सगळे एकच सल्ला देतात, "आर्ट्स घे, झेपेल." आर्ट्स वाईट नाही. पण ज्या पोरीने गोल पोटाचा कागद सपाट उलगडून मापात बसवला, तिला गणित झेपणार नाही हे ठरवलं कुणी? आमचे 'हे' म्हणतात, सायन्सला तालुक्याला रोज जाऊन-येऊन करावं लागेल, संध्याकाळची एसटी भरवशाची नाही. ती काळजी खोटी नाही. पण तो एसटीचा प्रश्न आहे, मुलीचा नव्हे. म्हणून मी आळीतल्या चार आयांना गाठलंय, त्यांच्याही मुली पुढच्या वर्षी दहावी होतायत. पाचजणी मिळून रिक्षा लावली तर महिन्याला किती पडेल, ते काढायला रिक्षावाल्याला रविवारी बोलावलंय.