आकड्यामागचे सूत्रही द्या



महागाई भत्त्याचा दर जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. मग शाखाशाखांतून निवेदने आणि थकबाकीचे तक्ते निघतात. बहुतेक ठिकाणी आजही गणकयंत्रावर गुणाकार करून उत्तर संगणकावरच्या पत्रात टाइप केले जाते. दर बदलला की वीस ठिकाणी दुरुस्ती. एका कार्यालयाच्या पत्रात वर नवा दर आणि खालच्या तक्त्यात जुन्याच दराने थकबाकी, असा प्रकार आम्ही पाहिला आहे. टाइप करणाऱ्याला दोष देऊन काय साधणार? त्याला हे काम कोणी नीट शिकवलेलेच नाही.

सोय त्याच संगणकात आहे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये पत्राच्या आरंभीच दराला एक नाव देऊन त्याची किंमत ठरवता येते; शाळेच्या बीजगणितातला 'क्ष' तो हाच. खाली जिथे रक्कम हवी तिथे एफ-२ दाबून सूत्र घालायचे: मूळ वेतन गुणिले दर, भागिले १००. पुढच्या वेळी दर एकाच जागी बदलायचा आणि एफ-९ दाबायचे. एमएस वर्डमध्येही अशी सोय आहे, पण तिथे आकडे आपोआप बदलले असतील या भरवशावर राहू नये. सगळा मजकूर निवडून एफ-९ दाबावे, मगच पत्र छापावे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. कागदावर फक्त उत्तर उमटते. सूत्र संगणकातच राहते. ज्याच्याकडे फाइल, त्याच्याकडे हिशेब!

हे दुखणे संगणकाने आणलेले नाही. तंजावर म्हटले की आपल्याला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या त्याच सुपीक मुलखात शेतमजुराची मजुरी भाताच्या मापाने दिली जाई. माप जमीनदाराचे, मोजणाराही त्याचाच. मजुरीत वाढ मागणाऱ्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. त्यानंतर १९६९ मध्ये तिथल्या शेतमजुरांसाठी रास्त मजुरीचा कायदा झाला. मजुरी किती, हे कागदावर यावे म्हणून एवढी किंमत पडली.

आपले सूत्र तर जाहीर आहे. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनश्रेणीत १२ महिन्यांच्या सरासरी निर्देशांकातून २६१.४२ वजा करायचे, उरलेल्याला २६१.४२ ने भागायचे, १०० ने गुणायचे आणि अपूर्णांक सोडायचा. निर्देशांक २०१६ च्या पायाचा असेल तर तो आधी २.८८ ने गुणून घ्यायचा. गँगमन असो की पोस्टमन, दहा मिनिटांत हिशेब पडताळू शकतो. मग थकबाकीच्या प्रत्येक आदेशाखाली मूळ वेतन, दर, महिने आणि सूत्र छापायला प्रशासनाला अडचण कसली?

ही मागणी आम्ही लेखी करणार आहोत. तोवर आमच्या शाखेच्या तक्त्याखाली सूत्राची ओळ येत्या निवेदनापासूनच छापली जाईल, आणि मागेल त्या सभासदाला संगणकातली फाइलही मिळेल.