बुडी आणि माघार

आमचा धाकटा नातू नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. गेल्या आषाढांत त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, गॅलापागोस बेटांपाशीं समुद्रांत बुड्या मारण्यास जाईन म्हणतों. जाऊं का?" घरांतील वडील म्हणून आम्हीं होकार दिला. आमच्या सौभाग्यवतींस तो मुळींच रुचला नाहीं. "धैर्य शिकवायचें तें मुलाला पाण्यांत बुडवून का?" असा त्यांचा रोकडा सवाल. पस्तीस वर्षें वर्गांत धैर्याचे पाठ दिलेल्या आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं. आणि श्रावणांत सात दिवस त्याची नौका दूर समुद्रांत होती तेवढा काळ झोंपहि धड लागली नाहीं.

हीं बेटें दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशाचीं असून किनाऱ्यापासून सुमारें १००० किलोमीटर पश्चिमेस, प्रशांत महासागरांत आहेत. सन १८३५ मध्यें डार्विन येथें आला, आणि येथील जीवसृष्टि पाहून त्याच्या मनांत जे प्रश्न उभे राहिले त्यांचा परिपाक पुढें १८५९ च्या त्याच्या ग्रंथांत झाला, हें वाचकांस विदितच आहे. या द्वीपसमूहाच्या अगदीं वायव्येस त्याच्याच नांवाचें एक लहानसें निर्जन बेट आहे. तेथें प्रवाशांस पाऊल ठेवतां येत नाहीं. नौकेवरच राहावयाचें आणि तेथूनच पाण्यांत उतरावयाचें. बेटाजवळ दगडाची एक निसर्गनिर्मित कमान होती. ती १७ मे २०२१ रोजीं ढासळली व आतां दोन खांब तेवढे उरले आहेत. त्या परिसरांत हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशी शेंकड्यांनीं फिरतात, आणि जून ते नोव्हेंबर या काळांत व्हेल-शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा दिसतो.

एवढी समृद्धि कशामुळें? खोल समुद्रांतून वाहणारे थंड प्रवाह या बेटांच्या उतारांवर आदळून वर चढतात व खालचीं पोषक द्रव्यें पृष्ठभागाकडे आणतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पति, वनस्पतींवर लहान जीव आणि त्यांवर मासे पोसतात. म्हणजे ज्या ओढीनें मासे जगतात, तीच ओढ माणसास वाहून नेते!

पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं श्वसन करण्याचें यंत्र कुस्तो व गान्याँ या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ मध्यें सिद्ध केलें. त्याचा पहिला नियम ऐकून आम्ही चकित झालों. श्वास कधींहि रोखावयाचा नाहीं! संध्येंतील ज्या कुंभकाची महती आम्हीं मुंजीपासून ऐकली, तो येथें सर्वथा निषिद्ध. कारण साधें आहे. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर छातींत कोंडलेली हवा पृष्ठभागीं येईतों दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटण्याचें भय असतें. दुसरा नियम, वर येण्याची घाई करावयाची नाहीं. केल्यास दाबाखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन, सोड्याची बाटली उघडावी त्याप्रमाणें, बुडबुडे होऊन बाहेर पडतो. म्हणून वाटेंत ५ मीटरवर तीन मिनिटें थांबतात. तिसरा नियम, जोडीनें उतरावयाचें आणि जोडीनेंच वर यावयाचें.

तिसऱ्या दिवशीं त्या खांबांपाशीं ओढ भारी होती. मंडळी हातमोजे घालून खडकास घट्ट धरून होती. आमच्या नातवाचा जोडीदार पन्नाशीचा एक शाळामास्तर होता. ओढीशीं झगडतां झगडतां त्याचा श्वास वाढला व हवेचा कांटा भराभर उतरला. त्यानें वर जाण्याची खूण केली. आणि नेमक्या त्याच क्षणीं पुढच्या मंडळींनीं टाकीवर ठोके देऊन सर्वांचें लक्ष वेधलें. निळ्या अंधुकांतून एक प्रचंड सांवली सरकत येत होती. नातवाच्या टाकींत निम्म्याहून अधिक हवा शिल्लक होती. पण तो परतला. दोघांनीं खडक सोडला, उघड्या समुद्रांत वाहत वाहत तीं तीन मिनिटें काढलीं, होडीवाल्यास दिसावी म्हणून दोरीला बांधलेली नारिंगी फुगनळी वर सोडली, आणि लाटांवर पंचवीस मिनिटें हेलकावे खाल्ल्यावर ते रबरी होडीच्या दृष्टीस पडले. पुढें समुद्र खवळला. व्हेल-शार्क त्याला दिसला नाहीं तो नाहींच.

दिवाळींत तो घरीं आला तेव्हां भावंडांनीं थट्टा केली, "एवढा पैसा ओतलास, आणि मासा पाहिला दुसऱ्यांनीं!" तो नुसता हंसला. मागाहून आम्ही दोघेच असतां म्हणाला, "आजोबा, मी लगेच नाहीं वळलों. त्यांची खूण मला दिसली होती. दोन क्षण न दिसल्यासारखें केलें."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. वर्गांत आम्हीं पुढें जाणाऱ्याचीच पाठ थोपटली. योग्य वेळीं मागें वळणाऱ्यास शाबासकी दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. संस्कृतांतील 'अवगाहन' शब्द पाण्यांतील बुडीस लागतो, तसाच शास्त्रांतील बुडीसहि. परंतु बुडी मारणारा वर येतो आणि बुडणारा येत नाहीं, एवढा भेद आम्हीं मुलांस कधीं समजावून दिला होता?

ही हकीकत घरांत सांगितली तेव्हां सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "ते मास्तर सुखरूप घरीं पोंचले ना?" पोंचले म्हणतांच त्या म्हणाल्या, "मग झालें तर."

वाचकांच्या घरींहि कोणी तरुण अशी अनुज्ञा मागेल. ती खुशाल द्यावी, मात्र "किती खोल जाणार?" हें विचारण्याआधीं "कोणत्या खुणेवर परत फिरशील?" हें विचारावें. आम्हीं तें विचारलें नव्हतें.